दोराचं दुसरं टोक

आधीच सांगतो, म्हणजे कोणी मला अंधश्रद्धेवर भाषण द्यायला नको. ते भाषण मीच आयुष्यभर दिलंय. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. भानामती, चकवा, अंगात येणं... असलं काही कानावर आलं की मी हातातलं काम टाकून वाद घालायला जायचो. बायको म्हणायची, "तुमाले भूत भेटलं तं थेच कटाळून पळून जाईन." या सदरातले अनुभव मी नेमानं वाचतो, आणि खरं सांगू का, निम्म्यांचं कारण मला बसल्या जागी दिसतं. फक्त माझ्या स्वतःच्या अनुभवाचं दिसत नाही. साठ वर्षं झाली. नात म्हणाली, आजोबा, लिहून टाका एकदाचं, मी टाइप करते. म्हणून हा खटाटोप.

साल एकसष्ट-बासष्टचं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, यवतमाळ जिल्ह्यात बाभुळगावच्या शाळेवर होतो. अंगात मस्ती भरपूर आणि वाचायचा भयंकर नाद. एका विज्ञानाच्या मासिकात वाचलं, की परदेशात शास्त्रज्ञ खांबांवर बारीक तार ताणतात, तिच्यात खूप दाबाची वीज सोडतात, आणि त्या विजेचा भार ढगांतल्या, धुक्यातल्या थेंबांवर चढवून पाहतात. थेंब एकमेकांकडे ओढले जातात, मोठे होतात, जड होऊन खाली येतात—असा अंदाज. झालं! मला दोन दिवस झोप नाही. ढगापर्यंत माझा हात पोचणार नव्हता, पण धुकं? धुकं म्हणजे जमिनीवर उतरलेला ढगच की.

आणि धुक्याची तर आमच्याकडं मोठी पीडा. आमच्याकडं त्याला धुवारी म्हणतात. तूर ऐन फुलावर असते आणि मार्गशीर्षात चार-आठ दिवस धुवारी पडली, की फुलांत पाणी साचून सगळा फुलोरा गळून जातो. शेतकरी मग काय करतात, तर दोन माणसं एक लांब दोर घेतात, एक या धुऱ्यावरून आणि एक त्या धुऱ्यावरून चालतं, आणि दोर तुरीच्या शेंड्यांवरून ओढत नेतात. पाणी झडून जातं. धुरा म्हणजे बांध हो, शहरातल्या वाचकांसाठी सांगतो.

आता प्रयोगाला वावर कोण देणार? चार ठिकाणी विचारलं, चारही ठिकाणी लोक हसले. शेवटी सायकलीनं पाऊण तासावर नाल्याकाठी एक बंजाऱ्यांचा तांडा आहे—नाव मुद्दाम देत नाही—तिथली सोमली हो म्हणाली. तिशीची बाई, नवरा धनू दोन वर्षांमागं तापानं गेलेला, पदरात एक लहान मुलगी. ती हो का म्हणाली, ते नीट सांगायला पाहिजे, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे.

धनूच्या वाट्याचं तीन एकर वावर तिच्या दिराला, हरसिंगला, पाहिजे होतं. एकट्या बाईच्यानं शेती होत नाही, तिनं आपल्या माहेरच्या तांड्यावर निघून जावं, असं त्याचं म्हणणं. होळीला नसाब बसली. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. तांड्याचा नायक थावरा, म्हातारा, कमी बोलणारा. त्यानं निकाल दिला—एक वर्ष. सोमलीनं त्या वावरात तूर शेंगेवर आणून दाखवावी, वावर कायमचं तिचं. नाही आली, तर दिराचं. हरसिंगनं त्यात आपली एक अट घुसवली: कोण्या माणसाचा हात लागला नाही पाहिजे, दुसऱ्याच्या हातानं केलेली शेती ती तिची शेती कायची? नायकानं तीही मानली.

वावर कसं, तर नाल्याला लागून खोलगट, लांबोळकं, रुंदीला चाळीस पावलं. सगळ्या शिवारातली धुवारी तिथंच येऊन बसायची. हरसिंगला ते पक्कं ठाऊक होतं. आणि दोर ओढायला तर दोन माणसं लागतात! अट होतीच, पण चोरून धरायला म्हटलं तरी तांड्यावर तिच्याबरोबर एक बाईही तयार नव्हती. हरसिंगशी वैर कोण घेणार?

मी यंत्राची गोष्ट काढली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "गुरुजी, तुमचं यंत्र मानूस तं नाही ना?"

"नाही."

"मंग लावा."

यंत्र म्हणजे काय, तर एका मोडक्या ट्रकची इग्निशन कॉइल, सहा व्होल्टची बॅटरी आणि वीज सारखी तोडत-जोडत राहणारा, मी बनवलेला एक बझर. सगळं सायकलीच्या कॅरिअरवर मावायचं. जळालेल्या मोटारीतून काढलेली बारीक तांब्याची तार मी डोक्याच्या वर, दोन्ही धुऱ्यांवर रोवलेल्या बांबूंवर ताणली. वीज बांबूतून जमिनीत उतरू नये म्हणून सोडावॉटरच्या फुटक्या बाटल्यांच्या माना तारेखाली बसवल्या. पण तार ताणली ती निम्म्याच वावरावर. निम्मं बिनतारेचं, म्हणजे तुलना करता येईल. सोमलीला बजावून सांगितलं, सकाळी मी यायच्या आधी तुरीला हात लावायचा नाही. फरक काय तो विजेनंच पडला पाहिजे.

तिनं मान डोलावली.

मार्गशीर्षात अवेळी पाऊस झाला आणि मागोमाग धुवारी सुरू झाली. अशी दाट, की सायकलीचं पुढचं चाक दिसेना. त्या साली तूर छातीएवढीच झाली होती, पण फुलोरा पिवळाधमक. पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला पोचलो, बझर चालू केला, टर्रर्र आवाज निघाला, तारेला निळसर चमक दिसली, आणि मी वावरात शिरलो. बिनतारेचा भाग नुसता निथळत होता. तारेखालची तूर जवळजवळ कोरडी!

आता शहाण्या माणसानं विचार केला असता, की यंत्र आत्ता तर चालू केलं, मग तूर आधीच कोरडी कशी? पण आपल्या मनासारखं होत असलं की कोण नीट बघतो! मी म्हटलं, काल संध्याकाळी चाचणी घेतली होती, तिचा भार उरला असेल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशी तेच. मी वहीत आकडे लिहितोय, आठला निघून शाळेत जातोय, आणि मनातल्या मनात त्या मासिकाला पत्र लिहितोय. बायकोला म्हटलं, बघ, तुझा नवरा आता धुकं पळवतोय. ती म्हणाली, "आंदी सैपाकघरातला धूर पळवून दाखवा." फुलं तर बिनतारेच्या भागातही टिकत होती. तेसुद्धा मला खटकलं नाही.

सहावा दिवस रविवार. शाळा नाही. म्हटलं आज लवकर जाऊ, सुरुवातीपासून बघू. पोचलो तेव्हा नुकतंच फटफटलं होतं. धुवारी तशीच, पण पांढुरकं उजाडलेलं. सायकल धुऱ्याला टेकवली आणि पाहतो तर काय—सोमली धुऱ्यावरून चालतेय, आणि तिच्या हातात अंबाडीचा जाड दोर!

दोर तुरीच्या शेंड्यांवरून सरळ आत धुवारीत गेलेला, चांगला ताणलेला, आणि तिच्या पावलाबरोबर पुढं सरकतोय. सरसर सरसर पाणी झडतंय. तेही कुठं? तारेखाली!

माझं डोकंच फिरलं. पाच दिवसांचे आकडे मातीत. मी ओरडलो, "सोमले! थांब! काय करून राह्यली तू?"

ती दचकून थांबली. चोरी पकडल्यासारखी उभी राहिली. मी तिच्यावर असा काही बरसलो की आजही आठवलं की लाज वाटते. शेवटी ती हळूच बोलली, "तुमचं यंत्र नापास होऊ नये म्हून केलं, गुरुजी."

"काय?"

"तुम्ही येवढे सायकल हानत येता. पयल्या दिवशी इकडली तूर अन् तिकडली तूर सारखीच वली दिसली. म्हनलं, तुमाले कसं वाटन? मंग तारेखालची आंदी झाडतो, अन् बाकीची तुम्ही शाळेत गेल्यावर."

जिचं सगळं आयुष्य त्या फुलांवर टांगलेलं, ती माझ्या यंत्राची अब्रू राखत होती. राग उतरला. हसूही आलं. मग माझ्या मास्तरकीच्या डोक्यात दुसरी गोष्ट शिरली आणि मी घाबरलोच. म्हटलं, "अगं पण तुझी अट? हरसिंगनं पाहिलं तर? तिकडचं टोक कोणी धरलंय?"

"कोनी म्हंजे? तुमचाच मानूस ना?"

"माझा माणूस? मी एकटाच येतो."

"मस्करी नका करू, गुरुजी. मले वाटलं शाळेतला चपराशी धाडला तुम्ही. तांड्यावरचा नाही, तं अट बी मोडत नसन, म्हनलं."

मला वाटलं होतं तिची कोणी मैत्रीण. तिला वाटलं होतं माझा कोणी माणूस. पाच सकाळी. मग माझं लक्ष दोराकडं गेलं. ती थांबून एवढा वेळ झाला होता, तिनं हात सैल सोडला होता, तरी दोर ताणलेलाच होता.

मी विचारलं, सुरुवात कशी झाली? ती म्हणाली, पहिल्या सकाळी एकटीनंच थोडंथोडं करून ओढू म्हणून दोर वावरात आडवा पसरला, तिकडचं टोक तिकडच्या धुऱ्यावर टाकून आली. इकडचं टोक उचललं, तर तिकडचंही उचललेलं. "म्हनलं, मानूस आला. हाक मारली नाही. मी एकटी बाईमानूस, धुवारीत परक्या गड्यासंग काय बोलू? पन चाल बराबर धरते. मी थांबलो का थांबते."

मी तिच्या हातातून टोक घेतलं. विज्ञानाचा मास्तर होतो, तपासल्याशिवाय कसा सोडीन? दोर हलकेच दोनदा ओढला. तिकडून दोन हिसके आले. जोरात नाही... बैलाला चल म्हणायला कासरा हलवतात, तेवढेच.

भीती वाटली का? खरं सांगतो, नाही वाटली. मला वाटलं हरसिंगचा काही डाव आहे, आता हा सापडतो. टोक सोमलीकडं दिलं आणि दोरावर हात ठेवून, दोराच्याच बाजूनं मी तुरीत शिरलो. पावलं मोजत होतो. मी छातीपर्यंत भिजलो. तीस पावलांपर्यंत दोर माझ्या हाताखाली टणक होता. समोर पांढऱ्याशिवाय काही नाही. पस्तिसाव्या पावलाला दोर हळूहळू खाली जायला लागला. कोणी टाकला असता तर धपकन पडला असता. हा सावकाश खाली ठेवला गेला. मी धावलो. तिकडच्या धुऱ्यावर दोराचं टोक गवतावर पडलेलं. पलीकडं नाल्यापर्यंत दाट बोरीचं काटेरी कुंपण, माणूस सोडा, कुत्रं शिरणार नाही. धुऱ्यावरच्या गवतावर दव तसंच पांढरं पसरलेलं, माझ्याच बुटांचे तेवढे ठसे.

मी पाच मिनिटं तिथं उभा होतो. हाका मारल्या. मग काय करणार, परत आलो. येऊन सोमलीच्या शेजारी उभा राहतो ना राहतो, तोच दोर वर उचलला गेला आणि ताणला. माझ्या डोळ्यांदेखत!

मी पुन्हा निघालो, तर तिनं माझी बाही धरली. तशी ती कधी कोणाच्या अंगाला हात लावणारी नव्हती. म्हणाली, "नका जाऊ, गुरुजी. तुम्ही गेले का थो ठेवून देते. सारं वावर पडलं हाय, ऊन निंघून राह्यलं."

ऊन चढलं की फुलांतलं पाणी तापतं आणि फूल जातं. तिच्याकडं फार तर तासभर होता. माझ्याकडं आयुष्यातलं सगळ्यात मोठं कोडं चाळीस पावलांवर उभं होतं. वाचकहो, मी गेलो नाही. तिच्या बाजूनं धुऱ्यावरून चालत राहिलो, आणि दोर तारेखालच्या तुरीवरून, मग बिनतारेच्या तुरीवरून, वावराच्या टोकापर्यंत गेला. खूप बरं वाटत होतं. का, ते विचारू नका.

चालता चालता मी दबकत विचारलं, "सोमली, धनू तर नसेल?"

ती फसकन हसली. "धनू? त्यानं जित्तेपनी कधी दोर धरला नाही, आता कायले धरन? थो असता तं धुऱ्यावर बसून बिडी वढत राह्यला असता." आणि मग दोर पुढं ओढत, "जो कोन असन, कामाचा हाय."

पुढचे तीन दिवस धुवारी होती. मी मुद्दाम उशिरा जायचो, आपला बझर टर्रर्र वाजवायचो आणि निघून यायचो. मासिकाला पत्र लिहिलं नाही. धुवारी संपली आणि तूर शेंगांनी लगडली. तशी तूर त्या खोलगट वावरात कोणी पाहिली नव्हती.

पौषात नसाब बसली. मलाही निरोप आला. भर दुपार, लिंबाखाली सगळा तांडा. नायक थावरा बाजेवर. शेंगा सगळ्यांनी पाहिल्याच होत्या, त्यामुळं मला वाटलं आता निकाल झाला. तर हरसिंग उठला.

"मी दोनदा सकाळी जाऊन पाह्यलं. हे दोर वढत होती. दोराचं दुसरं टोक कोनी तरी धरून होता. धुवारीत मानूस दिसला नाही, पन दोर दिसला. नायक, इले विचारा, थो कोन होता?"

आता वावराचा प्रश्न राहिलाच नव्हता. विधवा बाई, पहाटेची धुवारी, आणि नाव न सांगता येणारा माणूस. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. सोमली खाली मान घालून उभी, तिच्या ओढणीच्या आरशांवर ऊन थरथरत होतं. ती काय सांगणार होती? खरं सांगितलं असतं तर कोण मानणार?

थावरा नायक माझ्याकडं वळला. "गुरुजी, तुम्ही रोज जात होते. तुम्ही शिकेल मानूस. सांगा, कोन होता?"

मी उठलो. खिशात कंगवा होता. तेव्हा डोक्यावर केसही होते. मी कंगवा केसांतून खसाखसा फिरवला, वहीच्या कागदाचे कपटे केले, बाजेवर पसरले आणि कंगवा वर धरला. कपटे उडून कंगव्याला चिकटले. बायापोरं पुढं सरकली.

"पाहिलं? हात लावला का मी? ही वीज. माझ्या तारेत हिच्या हजारपट वीज होती. थेंब ओढते, कागद ओढते, दोरही ओढते. तिकडं माणूसबिणूस कोणी नव्हता. दोर विजेनं ताणलेला होता."

इतकं खोटं विज्ञान मी आयुष्यात कधी सांगितलं नाही. सोमली दोर ओढायची तेव्हा तर यंत्र चालूसुद्धा नसायचं! आणि ओला अंबाडीचा दोर विजेनं उचलणं... आठवीच्या पोराला मी यासाठी बाकावर उभं केलं असतं.

थावरानं कंगवा मागितला. उलटसुलट पाहिला. स्वतःच्या पांढऱ्या दाढीतून फिरवला, कपट्यांवर धरला. दोन कपटे उचलले गेले. त्यानं ते कितीतरी वेळ निरखले, मग हरसिंगकडं पाहून म्हणाला, "अट मानसाची होती. ईज काही मानूस नाही. वावर सोमलीचं."

हरसिंग काही तरी पुटपुटला, पण नायकापुढं कोण बोलणार. बायकांनी सोमलीला घेरलं, कोणी तिच्या लेकीला उचलून घेतलं. मी मात्र बाजेवरचे कपटे गोळा करत राहिलो.

त्या खोट्याची फळं मी पुढं दोन-तीन वर्षं पाहिली. आजूबाजूच्या शिवारांत लोकांनी तुरीवर तारा ताणल्या. वीज नाही, बॅटरी नाही, नुसत्याच तारा! मी सायकलीवरून जाताना मान खाली घालायचो. पुढं जास्त वाचलं तेव्हा तर कळलं, की भार चढलेले थेंब जवळ जे असेल त्याला जाऊन चिकटतात. म्हणजे माझ्या यंत्रानं तूर कोरडी राहायच्या ऐवजी जास्तच भिजायला हवी होती. यंत्राला श्रेय द्यायची एवढीशी फट होती, तीही बुजली.

मग ते काय होतं? मी दमट हवेचा विचार केला, दोराच्या पिळाचा केला, भ्रमाचा केला. पण भ्रम तिघांना होतो? आणि त्यातला एक तर आमचा वैरी. नाही, माझ्याकडं उत्तर नाही. दुसऱ्या कोणाकडं असेल तर सांगा, मात्र मला पटलं नाही तर मी वाद घालीन.

त्या दिवशी नसाब उठल्यावर सोमली मला सायकलीपर्यंत पोचवायला आली. फडक्यात तुरीच्या ओल्या शेंगा बांधून आणल्या होत्या, उकडून खायला. कॅरिअरला गाठोडं बांधता बांधता म्हणाली, "गुरुजी, कंगव्यानं येवढा मोठा दोर उचलते?"

"नाही."

"मंग तुम्ही नायकापुढं खोटं काहून बोलले?"

मी म्हटलं, "बाई, खरं काय ते मला माहीत असतं, तर खरंच बोललो असतो."

ती हसली. आणि तशीच आपल्या वावराकडं निघून गेली.